उचल तो डबा

मैत्रिणींनो, 'हाफ-लाइफ २' हा व्हिडिओ गेम २००४ चा. परग्रहावरच्या सत्तेने पृथ्वी ताब्यात घेतली आहे. स्टेशनवरचा मुखवटाधारी पोलीस मुद्दाम डबा पाडतो नि म्हणतो, उचल. कचरापेटीत टाकला तर हसून वाट देतो. अंगावर फेकला तर दंडुका उगारतो. पोलीस मात्र परका नव्हे, इथलाच माणूस. बरं जेवण मिळेल म्हणून भरती व्हावं, असं तिथला एक नागरिक बोलूनही दाखवतो.

रॉस स्कॉट या चाहत्याने त्याच पात्रांची 'सिव्हिल प्रोटेक्शन' ही मालिका २००६ पासून केली. दोन पोलीस, माइक आणि डेव्ह, गस्तीवर गप्पा मारतात. मीही खूप हसले. पण हसताना आपण मुखवट्याच्या आत बसलेल्या असतो. डबा उचलायला वाकलेली बाई काय बोलते, ते मला ऐकायचं आहे.