खेळ घेणाऱ्या शिक्षकाचा शीण

(केंद्रातील शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



भातावर करपा पडतो तेव्हा शेत एका रात्रीत वाळत नाही. आधी पानांवर डोळ्याच्या आकाराचे लहान ठिपके दिसतात, आणि बांधावरून रोज चालणाऱ्याच्याच नजरेस ते येतात. विशेष हे की, नत्राची मात्रा अधिक झालेल्या हिरव्यागार पिकावर हा रोग अधिक बळावतो. मुलांना खेळ शिकविणाऱ्या शिक्षकाच्या मनाचेही पुष्कळदा असेच होते. जो मुळातच उदासीन, तो सहसा करपत नाही. करपतो तो उत्साही शिक्षक.

न्यूयॉर्क येथील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यात सेवाभावाने राबणाऱ्या कार्यकर्त्यांमध्ये ही अवस्था पाहिली व १९७४ साली ‘बर्नआउट’ या नावाने ती मांडली. पुढे क्रिस्टिना मॅसलॅक या विदुषीने तिची तीन अंगे दाखविली : मनाचा शीण, ज्यांच्यासाठी राबावयाचे त्यांच्याविषयी तुटकपणा, आणि आपल्या हातून काहीच घडत नाही ही भावना. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तिला रोग न म्हणता, कामावरील दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था मानले. हा भेद महत्त्वाचा आहे. अवस्था कामातून आली असेल तर उपायही कामाच्या मांडणीत शोधला पाहिजे. ‘गुरुजी, मन खंबीर करा’ एवढ्याने भागत नाही.

रायगडच्या किनारपट्टीवर ही मांडणीच अवघड आहे. जून ते सप्टेंबर मैदानावर चिखल. मग भातकापणी, आणि कापणी उरकते न उरकते तोच केंद्राच्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धा समोर उभ्या राहतात. वर्षाचा सराव थोड्या आठवड्यांत कोंबावा लागतो. प्राथमिक शाळेस स्वतंत्र क्रीडाशिक्षक बहुधा नसतो. समजा, मुरूड किंवा श्रीवर्धन बाजूची एखादी दोनशिक्षकी शाळा आहे. तेथे दोन वर्ग एकत्र सांभाळणारा, पोषण आहाराचा हिशेब लिहिणारा, मागविलेली माहिती त्याच दिवशी भरून देणारा शिक्षकच संध्याकाळी शिटी घेऊन मैदानावर उतरतो. शिक्षिका असेल तर घरची चूलही तिची वाट पाहत असते. त्यातून या भागात कबड्डी म्हणजे गावाचा मान. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत कबड्डीचा समावेश झाला, २०१४ पासून प्रो कबड्डी घरोघरी दिसू लागली, आणि पालकांच्या अपेक्षा वाढल्या. शिवाय गावात प्रत्येक जण कबड्डीचा जाणकार असतो, ही निराळीच परीक्षा!

ठिपके कसे ओळखावेत? पूर्वी जो स्वतः फक्कीने रेषा आखीत असे, तो आता मोठ्या मुलाच्या हाती शिटी देऊन पायरीवर बसून राहतो. मुलांची नावे घेणारा शिक्षक ‘ही पोरं’ म्हणू लागतो. सुट्टीनंतरही शीण उतरत नाही. सामना जिंकला तरी चेहऱ्यावर आनंद नाही, हरला तर ‘यांच्याकडून काय होणार?’ हा शेरा. पायमुरगळीने लंगडणाऱ्या मुलाला तो पुन्हा चढाईस पाठवितो. त्या वेळी ठिपका पानावर राहिलेला नसतो, तो कणसापर्यंत पोहोचलेला असतो. कारण या शिणाची किंमत अखेरीस मूल मोजते. एकदा मैदानावर अपमान झालेले मूल मैदानाकडे फिरकत नाही, आणि क्वचित शाळेकडेही नाही.

करपणाऱ्याला आपले करपणे दिसत नाही. म्हणून ही नजर सहकाऱ्याने, मुख्याध्यापकाने व केंद्रप्रमुखाने ठेवावयाची आहे. विचारणा एकांतात व्हावी, चौकशीच्या स्वरात नव्हे. ‘सर, या आठवड्यात दोन संध्याकाळी मी मुलांना घेतो,’ हे वाक्य दहा उपदेशांहून उपयोगी पडते. मात्र आठवडे-आठवडे झोप नसेल, बोलण्यात निराशा असेल, तर त्याला नुसता थकवा मानू नये. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोबत जावे. ‘टेली मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांकही शिक्षकखोलीत लावून ठेवण्याजोगा आहे.

प्रतिबंधाचा खरा काळ मात्र जूनमधलाच. वर्षारंभी मुख्याध्यापकांनी सरावाचे दिवस ठरवावेत आणि न खेळण्याचे दिवसही तितक्याच निश्चयाने ठरवावेत. कबड्डीत पुरुषांच्या सामन्यात वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांमध्ये पाच मिनिटांची विश्रांती नियमानेच दिलेली असते. खेळाडू ती मागून घेत नाही. शिक्षकाची विश्रांतीही अशीच वेळापत्रकात लिहिलेली असावी. पावसाळ्यात वर्गात किंवा ओसरीवर श्वासाचे, तोलाचे व्यायाम घेतले तर नोव्हेंबरची घाई निम्मी होते. शेजारच्या दोन शाळांनी सराव आळीपाळीने घ्यावा. गावच्या मंडळातील जुने खेळाडू बोलाविले तर आनंदाने येतात. त्यांच्या हाती चढाई-पकडीचे शिक्षण द्यावे. मुलांची जबाबदारी मात्र शिक्षकाकडेच राहावी. पालकसभेत आधीच सांगावे की, संघात किती मुले खेळली हे शाळा मोजणार आहे, ढाली नव्हे. हे सांगणे कठीण आहे, विशेषतः शेजारच्या गावाने ढाल नेली असेल तेव्हा. म्हणूनच ते एकट्या खेळ घेणाऱ्या शिक्षकावर न सोडता मुख्याध्यापकांनी व शाळा व्यवस्थापन समितीने सांगावे.

आणि तालुक्याच्या सामन्याहून शेवटच्या एस.टी.ने मुलांना घरोघर पोहोचवून जो शिक्षक रात्री उशिरा परततो, त्याचा दुसऱ्या दिवसाचा पहिला तास सहकाऱ्याने न सांगता घ्यावा.