जस्त आणि मनुष्याची वाढ



जस्त म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे न्हाणीघरातील बालदी किंवा छपरावरचा पत्रा उभा राहतो. उदयपूरजवळच्या जावर येथे मध्ययुगातच हा धातू ऊर्ध्वपातनाने काढला जात असे, आणि तांब्याशी मिसळून झालेले त्याचे पितळ आपल्या घराघरांत नांदत आले आहे. परंतु हाच धातू आपल्या शरीरातही असतो, अवघा दोन-तीन ग्रॅम. आणि तो उणा पडल्यास मुलाची वाढ खुंटते, हे वैद्यकाला कळून अजून सत्तर वर्षेही झालेली नाहीत.

जस्ताविना काळी बुरशी नीट वाढत नाही हे रोलँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1869 मध्येच दाखविले होते. 1934 मध्ये उंदरांविषयी व 1955 मध्ये डुकरांविषयी तसेच आढळले. तरीही मनुष्याला जस्ताची वाण पडणे अशक्य, कारण ते सर्व अन्नात असतेच, असे तज्ज्ञ मानीत राहिले. ‘असतेच’ आणि ‘अंगी लागते’ यांतील अंतर त्यांच्या ध्यानी आले नाही.

ते ध्यानी आणून दिले बिहारमधील बक्सर येथे जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांनी. 1958 मध्ये ते इराणमधील शिराझ येथे असताना त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक तरुण आला. दिसायला तो दहा वर्षांचा मुलगा! तारुण्याची कोणतीही खूण त्याच्या अंगी नव्हती. यकृत व प्लीहा वाढलेली, आणि रक्तक्षय तीव्र. त्याचे अन्न म्हणजे केवळ न आंबवलेली गव्हाची रोटी. मांस, दूध, अंडी जवळजवळ नाहीतच. शिवाय तो माती खात असे. असे आणखी रुग्णही मिळाले. लोह दिल्यावर रक्त सुधारले, हे सरळच होते. पण रुग्णालयाच्या सकस आहारावर त्यांची उंचीही वाढू लागली व तारुण्याची लक्षणे दिसू लागली. केवळ लोहाच्या अभावाने प्राण्यांची अशी वाढ खुंटत नाही. मग दुसरे काय उणे होते? प्राण्यांवरील प्रयोगांत जस्ताच्या अभावी नेमकी हीच लक्षणे दिसली होती, हे प्रसादांना आठवले.

अनुमानाला पुरावा मिळाला तो इजिप्तमध्ये. तेथील तसेच खुजे राहिलेले तरुण माती खात नसत. त्यांना कृमींचा उपद्रव होता. त्यांच्या रक्तात व केसांत जस्त कमी आढळले, आणि जस्त दिल्यावर काहींची उंची एका वर्षात पाच इंचांहून अधिक वाढली. तरीही विद्वानांचा संशय बराच काळ टिकला. 1973 साली तान्ह्या मुलांना होणारा, त्वचा व आतडी ग्रासणारा एक घातक आनुवंशिक रोग जस्ताने आटोक्यात येतो असे इंग्लंडमध्ये आढळले. 1974 साली अमेरिकेतील आहारमंडळाने जस्ताचे दैनंदिन प्रमाण प्रथमच ठरविले.

धान्यात जस्त असूनही ते अंगी का लागत नाही? धान्याच्या कोंड्यात व डाळींत फायटेट नावाचे द्रव्य असते. ते जस्ताला आतड्यातच बांधून ठेवते. पीठ आंबवले किंवा कडधान्याला मोड आणले, तर फायटेट काही अंशी फुटते. आंबोळीसाठी पीठ आंबवून ठेवणाऱ्या आजीला हे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण कृती मात्र अचूक होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने 2020 मध्ये पुरुषांसाठी रोज 17 मिलिग्रॅम, तर स्त्रियांसाठी 13.2 मिलिग्रॅम जस्त सुचविले आहे. अमेरिकेचे आकडे अनुक्रमे 11 व 8 आहेत. हा फरक आपल्या धान्यप्रधान ताटामुळे पडतो.

शरीरात जस्ताचा साठा करणारी खास कोठी नाही, म्हणून रोजची आवक महत्त्वाची. शेकडो विकरांचे कार्य त्यावर अवलंबून आहे. जिथे पेशी झपाट्याने विभागतात, तिथे, म्हणजे आतड्याच्या अस्तरात, त्वचेत व रोगप्रतिकारक पेशींत, त्याची उणीव आधी जाणवते. अतिसारात ते शौचावाटे वाहून जाते आणि उणिवेने अतिसार लांबतो. दिल्लीतील लहान मुलांवरील अभ्यासाने 1995 मध्ये या दुष्टचक्रावर उपाय दाखविला. 2004 मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी अशी शिफारस केली: मीठ-साखर-पाण्याच्या द्रावणाबरोबर दहा ते चौदा दिवस रोज 20 मिलिग्रॅम जस्त द्यावे, सहा महिन्यांखालील बालकांना 10. जुलाब थांबले म्हणून काही माता गोळी मध्येच सोडतात. ती सोडू नये. परंतु मनाने मोठ्या मात्रा महिनोन्‌महिने घेणेही बरे नव्हे, कारण अति जस्त तांब्याचे शोषण अडवते, आणि तांब्याच्या अभावी पुन्हा रक्तक्षयच होतो.