पदवीचे पहिले वर्ष तालुक्याच्या कॉलेजात

(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे वाढवून)



आपल्या सभांतून शिक्षणावर बोलायचे म्हटले की वक्ता सुरुवातीलाच श्रोत्यांना चीनपर्यंत घेऊन जातो. त्या वचनाच्या सनदीविषयी जाणकारांत मतभेद आहेत. तो विषय मी मौलानासाहेबांवर सोपवतो. मला आज आपणांस इतके लांब न्यायचे नाही. तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर उतरावे आणि तेथून दहा-पंधरा मिनिटे चालत कॉलेजच्या फाटकापर्यंत यावे, एवढीच माझी विनंती आहे. कारण बारावी उत्तीर्ण झालेल्या आपल्या कितीतरी मुली त्या फाटकापर्यंतही पोहोचत नाहीत, आणि जी मुले त्याला वळसा घालून थेट मुंबईला जातात त्यांतली बरीच वर्षभरात परत येतात. या शाळेत शिकवणारा मनुष्य म्हणून हे मी दरवर्षी पाहतो.

न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यातील पुष्कळ आकडे आपण सभांतून ऐकले असतील. मी एकच सांगतो. २००१ च्या जनगणनेच्या आधारे समितीने दाखविले की वीस वर्षांवरील लोकसंख्येत पदवीधर व पदविकाधारक मिळून देशात शेकडा सात होते. मुस्लिम समाजात हे प्रमाण शेकडा चारांहूनही कमी होते. अहवालाला आता बरीच वर्षे झाली आणि परिस्थिती थोडीफार हलली आहे, हेही खरे. पण गळती नेमकी कोठे होते, हे पाहायला आपल्याला दिल्लीच्या समितीची गरज नाही. बारावीचा निकाल आणि पदवीच्या पहिल्या वर्षाचा प्रवेश यांच्यामध्ये जे दोन-तीन आठवडे असतात, त्यांत ती होते.

त्या आठवड्यांत घरात काय बोलणे चालते? मुलाच्या बाबतीत : "शिकायचेच तर मुंबईला जाऊन शिकू दे, नाहीतर पासपोर्ट काढून बसू दे." मुलीच्या बाबतीत : "मुंबईला कोण पाठवणार? आणि इथल्या कॉलेजात आहे काय?" म्हणजे दोन्ही घरांत तालुक्याचे कॉलेज हिशेबातच नसते. मुलाला ते कमी वाटते म्हणून, आणि मुलीला ते दिले तरी उपयोग काय म्हणून. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी आज उभा आहे.

पहिली गोष्ट, पदवी कॉलेज देत नसते, विद्यापीठ देते. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले, ते मुळात परीक्षा घेणारे व पदवी देणारे विद्यापीठ म्हणून. शिकवण्याचे काम संलग्न महाविद्यालयांचे. आज त्याच विद्यापीठाच्या कक्षेत मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असे जिल्हे येतात. तेव्हा दापोलीच्या किंवा महाडच्या संलग्न कॉलेजातून बी.ए. झालेल्या मुलीच्या पदवीपत्रावर ज्या विद्यापीठाचे नाव असते, तेच चर्चगेटच्या संलग्न कॉलेजातून झालेल्या मुलीच्या पदवीपत्रावर असते. ही गोष्ट मी पालकांना सांगतो तेव्हा काही जण माझ्याकडे अविश्वासाने पाहतात. मग मी माझे स्वतःचे पदवीपत्र दाखवतो.

दुसरी गोष्ट, सुरुवातीची वर्षे जवळ आणि शेवटची वर्षे दूर, ही पद्धत आपल्याकडे नवी नाही. निजामाच्या राजवटीत तेव्हाच्या औरंगाबादला उस्मानिया विद्यापीठाचे इंटरमीडिएट कॉलेज होते. मराठवाड्यातली मुले इंटरपर्यंत तेथे शिकत आणि पुढे पदवीसाठी हैदराबाद गाठत. कोकणात तेवढीही सोय नव्हती. रत्नागिरीकडचा मॅट्रिक झालेला मुलगा आगबोटीने मुंबईला जाई, नाहीतर घाट चढून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. आज गोगटे-जोगळेकर महाविद्यालय म्हणून आपण ज्याला ओळखतो ते कॉलेज १९४५ साली रत्नागिरीत निघाले, तेव्हा कोठे जिल्ह्यातल्या मुलांना घरची भाकरी खाऊन कॉलेज शिकता येऊ लागले. आपल्या समाजापुरते बोलायचे तर मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम १८७४ पासून आहे. परंतु औरंगाबादला डॉ. रफिक झकेरिया यांच्या पुढाकाराने मौलाना आझाद कॉलेज निघाले ते १९६३ मध्ये. मधली जवळजवळ नव्वद वर्षे मोजा. गावाजवळचे कॉलेज ही वस्तू इतक्या उशिरा हाती आली आहे, आणि आपण तिला नाक मुरडतो.

तंत्रशिक्षणात मात्र आपण तसे करीत नाही, हे गमतीचे आहे. मुलगा दहावीनंतर जवळच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करतो आणि मग अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातो, याचे आपल्याला कौतुक वाटते. तोच हिशेब बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.ला लावायला आपले मन तयार होत नाही.

आता नव्या व्यवस्थेविषयी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीचे शिक्षण श्रेयांकांत मोजले जाते. मुले त्याला क्रेडिट म्हणतात. साधारण पंधरा तासांचे अध्यापन म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाला त्याच्या दुप्पट तास. पहिल्या वर्षाचे ४० ते ४४ श्रेयांक होतात. हे श्रेयांक जमा करण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स नावाची व्यवस्था सुरू केली. (जाता जाता सांगतो : या आयोगाचे उद्घाटन २८ डिसेंबर १९५३ रोजी मौलाना आझादांच्या हस्ते झाले होते.) या बँकेत पैसे नसतात, विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक त्याच्या नावावर असतात आणि ते जास्तीत जास्त सात वर्षे वापरता येतात. पहिले वर्ष पुरे करून थांबावे लागले तर, चार श्रेयांकांचा कौशल्य-अभ्यासक्रम किंवा अंतर्वासिता पूर्ण केल्यास, प्रमाणपत्र मिळते. दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स. आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यात असे थांबलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येण्याची मुभा ठेवली आहे.

हे नियम दिल्लीत बसून कोणासाठी केले असतील ते असोत, माझ्या डोळ्यांसमोर आपलीच घरे येतात. दहावी झाली की पासपोर्टला ईसीआरची अट लागत नाही, एवढ्यावर कित्येक घरांत शिक्षणाची हद्द ठरते. व्हिसाची वाट पाहत मुलगा नाक्यावर वर्ष काढतो. त्या वर्षात त्याने तालुक्याला जाऊन पहिले वर्ष केले, तर आखातात जातानाही त्याच्या नावावर काही शिल्लक राहते. मुलीचे लग्न ठरले आणि सासर पनवेलला किंवा मिरजेला असले, तर पूर्वी "राहिले ते राहिलेच" अशी गत होती. आता तिच्याबरोबर तिचे वर्ष जाऊ शकते. लग्नाच्या बोलणीत मेहरची, दागिन्यांची, जेवणाच्या पानांची चर्चा होते, तेथे "मुलीचे दुसरे-तिसरे वर्ष तुमच्याकडे पुरे होईल ना?" हा प्रश्न मुलीच्या वडिलांनी विचारावा. मी असे विचारणारे दोन बाप पाहिले आहेत. दोन्ही ठिकाणी सोयरीक मोडली नाही.

मात्र कागदावर जे सोपे दिसते त्यात अडचणी आहेत, आणि त्या झाकून ठेवणे शिक्षकाला शोभणार नाही.

सर्वांत मोठी अडचण नावाची. आपल्या मुलांच्या नावांचा घोळ फार. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये शेख आडनाव शेवटी, आधार कार्डावर सुरुवातीला. एका ठिकाणी मोहम्मद पूर्ण, दुसरीकडे नुसता मो.; वडिलांचे नाव कोठे आहे, कोठे नाही. इंग्रजी स्पेलिंगबद्दल तर बोलायलाच नको. श्रेयांकांचे खाते डिजिलॉकरमधून उघडते आणि ते आधारशी जोडलेले असते. नावे जुळली नाहीत की गुण एकीकडे आणि विद्यार्थी दुसरीकडे. म्हणून आठवी-नववीत असतानाच, दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्यापूर्वी, रजिस्टर आणि आधार समोरासमोर ठेवून एकेक अक्षर तपासा. शाळेचा दाखला हातात पडल्यावर हीच दुरुस्ती अत्यंत जिकिरीची होते. मुलीचे नाव लग्नानंतर बदलायची घाईही करू नका. शिक्षण संपेपर्यंत कॉलेजच्या कागदांवर माहेरचेच नाव चालू द्यावे.

दुसरी अडचण विषयांची. प्रत्येक पदवीला आता एक मुख्य विषय असतो, त्याच्या जोडीला दुय्यम विषय, कौशल्याचे व भाषेचे विषय. तालुक्याला मुख्य विषय इतिहास घेतला आणि पुढे ज्या शहरात जायचे तेथील कॉलेजात इतिहासच नसला, तर श्रेयांक बँकेत असून गाडी अडते. आपल्या मुलांना उर्दूचा विषय हवा असतो. तो प्रत्येक कॉलेजात मिळत नाही. तेव्हा प्रवेशाच्या दिवशीच पुढच्या दोन वर्षांचा विचार करावा. त्याच विद्यापीठात कॉलेज बदलणे तुलनेने सोपे. विद्यापीठच बदलायचे असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र अशी कागदांची मालिका सुरू होते. आणि दुसऱ्या वर्षाला जागा रिकामी असावी लागते, हे विसरू नये. श्रेयांक असले म्हणजे जागा मिळालीच, असे नाही.

तिसरी गोष्ट कॉलेजच्या दर्जाची. सगळी तालुका कॉलेजे चांगली आहेत असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी प्राध्यापक तासिका तत्त्वावर असतात आणि दिवाळीपर्यंत नेमणुकाच होत नाहीत. काही ठिकाणी प्रयोगशाळेला कुलूप असते. प्रवेश घेण्यापूर्वी एकदा स्वतः जा. कार्यालयात बसू नका. ग्रंथालयात जा, आणि मुले बसली आहेत की फक्त कपाटे आहेत ते पाहा. हवा तो वर्ग अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित हे विचारा, कारण फीमध्ये फार मोठा फरक पडतो. बी.एस्सी.च्या बाबतीत प्रयोगशाळा नीट नसेल तर मी स्वतः मुलाला तेथे जाऊ नको असेच सांगतो. बी.ए., बी.कॉम.चे मात्र चांगले ग्रंथालय आणि दोन कळकळीचे प्राध्यापक असले तरी निभावते. वैद्यकीय, अभियांत्रिकी यांचे रस्ते प्रवेश परीक्षांचे आहेत; त्यांच्याविषयी आज मी बोलत नाही.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांना पहिल्या वर्षी आणखी एक धक्का बसतो. व्याख्याने मराठीत किंवा इंग्रजीत, टिपणे उतरवून घेण्याची सवय नाही, आणि वर्गात उठून प्रश्न विचारायचा तर जीभ अडखळते. हा धक्का मुंबईत, गाववाल्यांच्या खोलीत सहा जणांत झोपून, कोठेतरी अर्धवेळ नोकरी करून सोसायचा की संध्याकाळी घरी येऊन आईच्या हातचे जेवून सोसायचा, याचा विचार करा. मुंबईहून परतलेली जी मुले मी पाहिली, त्यांतली बुद्धीने कमी फारच थोडी होती. पहिल्या सत्रात दोन-तीन विषय राहिले, घरी सांगायची लाज वाटली, आणि दुसऱ्या सत्राची फी भरलीच नाही, असा बहुतेकांचा क्रम असतो. तीच मुले पहिले वर्ष येथे काढून, एकवीस-बावीस श्रेयांकांचे एक सत्र म्हणजे काय हे अंगवळणी पाडून मग शहरात गेली असती, तर निराळे झाले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहता राहिला प्रवास. एस.टी.च्या विद्यार्थी पासाला सुमारे दोन-तृतीयांश सवलत आहे, म्हणजे भाड्याचा प्रश्न फारसा नाही. प्रश्न वेळेचा आहे. कॉलेज सकाळी साडेसातला भरते. वस्तीची गाडी पहाटे सुटते ती मुलींना अंधारात स्टँडवर उतरवते, आणि नंतरची गाडी दोन तास बुडवते. हजेरीची अट ७५ टक्क्यांची. आपल्या भागातल्या मुलींचे कॉलेज सुटते ते बहुधा या एका गाडीपायी. आपण उगाच धर्माला आणि रूढीला दोष देत बसतो. मुलींच्या वडिलांशी मी बोललो आहे. त्यांतील बहुतेकांची हरकत कॉलेजला नाही, पहाटे साडेपाचच्या अंधाराला आहे. आणि ती रास्त आहे.

यासाठी आगारप्रमुखांना द्यावयाचा अर्ज मी तयार केला आहे. पावणेसातची एक गाडी, शाळेच्या नाक्यावरून, एवढीच मागणी आहे. शेजारच्या तीन वाड्यांतील मराठा, कुणबी व बौद्ध पालकांच्याही सह्या त्यावर घेतल्या आहेत, कारण अंधार त्यांच्याही मुलींना तेवढाच आहे. आपल्या सह्या अजून निम्म्याच झाल्या आहेत. अर्ज दाराजवळच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांनी सही केली नाही त्यांनी जाताना करावी. वाचकांपैकी ज्यांना मेळाव्यास येता आले नाही त्यांनी शाळेच्या कार्यालयात यावे. बारावीच्या निकालानंतर पहिले चार दिवस आमचा संगणक कक्ष संध्याकाळी सातपर्यंत उघडा राहील. येताना मुलाचा दाखला, आधार कार्ड, आणि जातीचा व उत्पन्नाचा दाखला असल्यास तोही आणावा. फॉर्म आम्ही भरून देऊ.

खुदा हाफिज.