चोपण जमिनीत पाणी का मुरत नाही?



कृष्णाकाठ असो की नीरा-प्रवरेच्या कालव्यांखालचा भाग, बारमाही पाण्याच्या पट्ट्यात एक तक्रार हमखास ऐकू येते. पाणी दिलं की ते चार-चार दिवस उभं राहतं, आणि वाळलं की जमीन दगडासारखी होते. उगवण धड होत नाही. अशा जमिनीला आपण चोपण म्हणतो. तिच्यात नेमकं काय बिघडलं, ते आज पाहू.

चिकणमातीचे कण फार बारीक आणि चपटे असतात. त्यांच्यावर विजेचा ऋण भार असतो, म्हणून धन भाराचे क्षारघटक त्यांना चिकटून बसतात. चांगल्या काळ्या जमिनीत हा मान मुख्यतः कॅल्शियमचा. कॅल्शियमला दोन भार, म्हणजे दोन हात म्हणा ना! तो कणांना जवळ धरून ठेवतो. माती रवाळ होते, रव्यांमधल्या पोकळीतून पाणी खाली जातं, मुळांना हवा मिळते. सोडियमला मात्र एकच हात. त्याची पकड ढिली. पाणी मिळताच कण सुटे होतात आणि पोकळ्या बुजवून टाकतात. मग पाणी मुरणार कुठून?

घरच्या घरी एक परीक्षा करा. बोराएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या पेल्यात, पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. ढवळू नका. दोन तासांनी पाहा. ढेकूळ विरघळल्यासारखं फुटलं, पण पाणी नितळ राहिलं, तर काळजी कमी. भोवती दुधासारखा गढूळ ढग दिसला, तर सोडियमची शंका घ्या. विहिरीचं पाणी वापरू नका. त्यातले क्षार कणांना सुटू देत नाहीत आणि परीक्षा फसते. अखेरचा निर्णय माती परीक्षणाचाच. सामू 8.5 च्या वर आणि कणांना चिकटलेलं सोडियम 15 टक्क्यांच्या वर असेल, तर जमीन चोपण समजतात.

आता महत्त्वाचं. नुसती खारवट जमीन, म्हणजे जिच्यावर पांढरे क्षार फुलतात ती, निचरा करून भरपूर पाण्याने धुता येते. पण कणांना चिकटलेलं सोडियम नुसत्या पाण्याने सुटत नाही. खारवट-चोपण जमीन जिप्सम न घालता धुतली, तर मोकळे क्षार निघून जातात, सोडियम तसंच राहतं, आणि रान पहिल्यापेक्षा घट्ट होतं, बरं का!

जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं. सुटलेल्या सोडियमचा सल्फेट क्षार बनतो. तो पाण्यात सहज विरघळतो आणि चरातून बाहेर जातो. चर नसेल तर तो तिथंच राहील, म्हणून चर आधी.

कुणी विचारील, आमच्या रानात चुनखडी मुबलक आहे, तीही कॅल्शियमचीच, मग जिप्सम कशाला? प्रश्न रास्त आहे. पण चुनखडीतलं कॅल्शियम घट्ट बांधलेलं असतं. जास्त सामूच्या जमिनीत ते जवळजवळ विरघळतच नाही. जिप्सम एक लिटर पाण्यात दोन ग्रॅमच्या थोडं वर विरघळतं. तेवढं पुरतं, पण वेळ लागतो. चुनखडीच्या जमिनीत गंधकही चालतं. जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि ते आम्ल चुनखडीतलं कॅल्शियम मोकळं करतं. त्याला जिप्समपेक्षा जास्त दिवस लागतात.

लक्षात ठेवण्याचा क्रम :

1. माती आणि पाणी, दोन्ही तपासून घ्या. जिप्समची मात्रा अहवालाप्रमाणेच ठरवा, शेजाऱ्याचं पाहून नको.
2. निचऱ्याचे चर काढा. रान सपाट करून बांध घाला.
3. जिप्समची बारीक पूड वरच्या 10 ते 15 सेंटिमीटर थरात मिसळा. खोल गाडू नका.
4. चांगलं पाणी वाफ्यात साठवून मुरू द्या. असं पुन्हा पुन्हा करा.
5. नंतर धैंचा पेरून फुलोऱ्याच्या आधी गाडा. शेणखत, कंपोस्ट द्या.
6. पुढे पाणी बेतानं द्या. जादा पाण्यानेच हे दुखणं पुन्हा वर येतं.

आधी चर, मग जिप्सम, मग पाणी. हा क्रम चुकवू नका.