न्यूट्रॉनची मात्रा कशी मोजतात?

कसाऱ्याहून सुटणाऱ्या पहाटेच्या लोकलमध्ये एक्स-रेची मोठी पाकिटे आणि फायली घेतलेली माणसे नेहमी दिसतात. कुणी परळच्या टाटा रुग्णालयात निघालेले असते, तर कुणी ठाण्याला गाडी बदलून खारघरला. खारघरला टाटा स्मारक केंद्रात २०२३ पासून कर्करोगावर प्रोटॉन किरणांचे उपचार होतात. हे किरण गाठीवर नेमके पडतात. पण वाटेत यंत्रातल्या धातूवर आणि शरीरातल्या अणूंवर आदळताना काही न्यूट्रॉन सुटतात. त्यांना अडवायला जाड काँक्रीटच्या भिंती असतात. तरीही भिंतीपलीकडे रोज काम करणाऱ्या तंत्रज्ञाला किती मात्रा मिळाली, हे पाहावेच लागते. आपल्याकडे अशा कर्मचाऱ्याची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे.

अडचण अशी की, न्यूट्रॉनवर विद्युतभार नसतो. वायूने भरलेल्या नळीतून तो काही खूण न ठेवता निघून जातो. मग त्याला पकडायचे कसे? १९३२ साली चॅडविक यांनी वाटेत मेण ठेवले. न्यूट्रॉनने मेणातले प्रोटॉन उडवले आणि त्या प्रोटॉनांची नोंद वायूच्या कक्षात झाली. आजही युक्ती तीच आहे. गोटी तेवढ्याच वजनाच्या गोटीवर आदळली की थांबते. तसा हायड्रोजन भरपूर असलेल्या पॉलिथिनच्या जाड आवरणात न्यूट्रॉन मंदावतो. आतल्या नळीत बोरॉन ट्रायफ्लोराइड किंवा हेलियम-३ वायू असतो. त्यात मंद न्यूट्रॉन शोषला गेला की विद्युतभारित कण बाहेर पडतात आणि एक ठोका नोंदला जातो.

पण नुसते ठोके मोजले म्हणजे मात्रा कळली असे नाही. पावसाळ्यात आपल्या घाटात दगड सुटतात. रुळांवर किती दगड पडले, एवढे मोजून भागत नाही. शंभर खडे एकीकडे आणि एक धोंडा एकीकडे! न्यूट्रॉनचेही तसेच. मंद न्यूट्रॉनची हानी गॅमा किरणांच्या अडीच पट धरतात, तर दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपासच्या न्यूट्रॉनची सुमारे वीस पट. शिवाय न्यूट्रॉनबरोबर गॅमा किरणही मिसळलेले असतात.

यासाठी शास्त्रज्ञांनी शरीराची नक्कल करणारा मापक तयार केला. त्याची भिंत मांसपेशींसारखे घटक असलेल्या प्लास्टिकची असते. आत प्रोपेन किंवा मीथेन, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन यांचे मिश्रण असते. हा वायू इतका विरळ ठेवतात की, काही सेंटिमीटरची पोकळी कणाला पेशीच्या आतल्या दोनेक मायक्रोमीटर जागेसारखी वाटावी. गॅमा किरणांचा ठोका लहान, न्यूट्रॉनने उडवलेल्या प्रोटॉनचा मोठा. त्यामुळे दोघांचा हिशेब वेगळा करता येतो.

अर्थात वायूचा दाब बदलला किंवा त्यात हवा शिरली की आकडा चुकतो. म्हणून ज्ञात स्रोतापुढे ठेवून मापक पुनःपुन्हा तपासावा लागतो. ट्रॉम्बेला १९५६ साली ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. तिथल्याच भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आज देशाच्या किरणोत्सर्ग-मापनाची प्रमाणके आहेत.

आकडा कमी दाखवला, तर त्याची किंमत तंत्रज्ञाचे शरीर मोजते. जास्त दाखवला, तर विनाकारण भीती पसरते, यंत्र बंद ठेवावे लागते आणि पहाटेची गाडी धरून आलेला रुग्ण ताटकळतो. त्या छोट्याशा पोकळीतला वायू या दोघांसाठीही राखण करत असतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)