क्लॅमथचा च्वाम मासा
(वार्षिक संमेलनातील भाषण)



ज्ञातिसंमेलनाच्या व्यासपीठावरून माशाविषयी बोलणे कित्येकांना विचित्र वाटेल. परंतु या माशाची कथा ही एका लहानशा समाजाचीही कथा आहे. म्हणून ती येथे अप्रस्तुत ठरू नये.

अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या दक्षिण भागात अप्पर क्लॅमथ नावाचे विस्तीर्ण पण उथळ सरोवर आहे. त्यातील एका माशास तेथील मूळ रहिवासी 'च्वाम' म्हणतात. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत खडकाला चिकटून राहणारा मळ्या मासा पुष्कळांनी पाहिला असेल. च्वाम तसा चिकटत नाही. तळालगत संथपणे फिरून तो बारीक जीवजंतू तोंडाने शोषून घेतो. त्याची लांबी जवळजवळ एक मीटर भरते आणि आयुष्य पन्नास वर्षांहूनही अधिक असते. वसंत ऋतूत तो विल्यमसन व स्प्रेग या नद्यांत चढून, अथवा काठच्या झऱ्यांपाशी, खडीवर अंडी घालतो.

हिवाळ्याअखेर साठवलेले अन्न संपत आले की हाच मासा त्या लोकांस तारीत असे. १८६४ च्या तहाने त्यांची बहुतेक भूमी गेली. मासेमारीचा हक्क मात्र त्यांनी राखून ठेवला. पुढे शेतीसाठी सरोवराकाठच्या दलदली कोरड्या करण्यात आल्या, स्प्रेग नदीवर बंधारा उभा राहिला, आणि वाहून आलेल्या स्फुरदामुळे पाण्यात शेवाळ माजू लागले. हे शेवाळ एकदम कुजते तेव्हा पाण्यातील प्राणवायू नाहीसा होतो.

मासे घटलेले पाहून १८६४ चा हक्क हाती असतानाही, १९८६ साली त्या जमातीने आपली मासेमारी स्वतःच बंद केली. सरकारने हा मासा संकटग्रस्त ठरविला तो त्यानंतर, १९८८ साली. २००१ च्या अवर्षणात माशांसाठी पाणी राखल्यामुळे बहुसंख्य शेतकऱ्यांचे कालवे कोरडे राहिले. त्यांचे दुःखही खोटे नव्हते. सरकारनेच त्यांना पाण्याचे आश्वासन देऊन तेथे वसविले होते.

सर्वांत चिंतेची गोष्ट निराळीच आहे. मासे दरवर्षी अंडी घालतात, पिले जन्मासही येतात. परंतु पहिल्या एकदोन वर्षांतच ती बहुतेक सर्व मरतात. आज सरोवरात उरली आहे ती मुख्यत्वे १९९० च्या सुमारास जन्मलेली वृद्ध पिढी. वरवर पाहणाऱ्यास सरोवरात मासे दिसतात. वंश मात्र खुंटत चालला आहे.

तथापि प्रयत्न थांबलेले नाहीत. २००७ साली विल्यमसनच्या मुखाशी असलेले बांध फोडून पाणी पुन्हा दलदलीत सोडण्यात आले. २००८ मध्ये स्प्रेगवरील बंधारा काढला गेला. पिले तळ्यांत वाढवून, थोडी मोठी झाल्यावर सरोवरात सोडण्याचे कामही चालू आहे. जमातीचे लोक प्रतिवर्षी या माशाच्या पुनरागमनासाठी नदीकाठी प्रार्थना करतात. ज्यांनी तो कधी चाखला नाही अशी मुलेही त्यांत असतात.

बंधुभगिनींनो, वडीलधारी मंडळी दीर्घायुषी आहेत एवढ्याने कुळाची चिंता मिटत नाही. लहानांस जगण्याजोगे पाणी आहे की नाही, हे पाहावे लागते. आणि त्यासाठी आपल्या हक्काचा घासही काही काळ बाजूस ठेवावा लागतो. त्या दूरच्या समाजाने तो ठेवला आहे. आपणही आपल्या मुलांसाठी काय बाजूस ठेवू शकतो, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.