हांक आणि पाऊल

ख्रिस्ती धर्मजीवनांत ‘पाचारण’ हा शब्द वारंवार येतो. ईश्वर मनुष्याला एखाद्या कार्यासाठीं बोलावतो, त्या बोलावण्याचें हें नांव. पाचारण कसें ओळखावें यावर पुष्कळ बोललें जातें. परंतु तें ओळखल्यावर पाऊल केव्हां उचलावें, याविषयीं आपण फारसें बोलत नाहीं. आज त्याच प्रश्नाचा थोडा विचार करूं.

मार्काचें शुभवर्तमान हें चारांतील सर्वांत लहान. त्यांत ‘तत्काळ’ या अर्थाचा एक ग्रीक शब्द सुमारें ४० वेळां आला आहे. गालील समुद्राच्या कांठीं येशूनें शिमोन व अंद्रिया या भावांना हांक मारली, तेव्हां त्यांनीं जाळीं तेथेंच टाकलीं व ते निघाले. याच्या उलट चित्र लूकनें काढलें आहे. एकाला आधीं बापाला मूठमाती द्यावयाची होती. दुसऱ्याला आधीं घरच्यांचा निरोप घ्यावयाचा होता. दोघांचींही कारणें वाईट नव्हतीं; कोणत्याही कुलीन घरांत तीं योग्यच मानलीं जातील. पण दोघांच्याही तोंडीं एकच शब्द होता, तो म्हणजे ‘आधीं’. उघड नकार देणारा निदान आपण नकार दिला हें जाणतो. ‘आधीं’ म्हणणारा मात्र आपण आज्ञाधारकच आहों, अशा समजुतींत राहतो. धोका आहे तो येथें.

यावर कोणी विचारील, मग विवेकाचें काय? मनांत उठलेली प्रत्येक लहर ईश्वराचीच आज्ञा मानून धांवत सुटावयाचें काय? प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर तर्कानें देण्यापेक्षां आपल्याच प्रांतांत घडलेल्या एका चरित्रांतून देणें बरें.

पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्या अनंतशास्त्री डोंगरे यांच्या कन्या. संस्कृत विद्येच्या बळावर १८७८ सालीं कलकत्त्यास त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यानंतरही त्यांनीं तेथील धर्मभगिनींशीं एकेका सिद्धांताविषयीं वाद घातला; बुद्धीला न पटलेलें केवळ भिडेखातर मान्य केलें नाहीं. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षें आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाचें त्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेवलें आहे. सारांश, श्रद्धेची पारख करण्यांत या बाईंनीं मुळींच घाई केली नाहीं.

आतां त्यांची दुसरी बाजू पाहूं. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईंत शारदासदन काढलें व पुढच्याच वर्षीं तें पुण्यास नेलें. १८९३ सालीं धर्माच्या प्रश्नावरून रानडे-भांडारकरांसारखे थोर सल्लागार त्यांच्यापासून दूर झाले. त्या वादांत कोणाची बाजू कितपत खरी, हा आजचा विषय नव्हे. परंतु घरचा मोठा आधार तुटला, एवढें निश्चित. बोस्टन येथें १८८७ सालीं स्थापन झालेल्या मंडळानें दहा वर्षें साहाय्य देण्याचें कबूल केलें होतें. तीही मुदत संपत आली होती. अशा वेळीं, १८९६-९७ च्या सुमारास, मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला.

दुष्काळ म्हणजे काय, हें रमाबाईंना पुस्तकांतून शिकावयाचें नव्हतें. तरुणपणीं मद्रास इलाख्यांतील दुष्काळांत त्यांचे वडील, आई व बहीण एकामागून एक गेलीं होतीं, आणि त्या व त्यांचा भाऊ श्रीनिवास पायीं उत्तरेकडे भटकत राहिलीं होतीं. निराधार मुलीवर अशा वेळीं कोणते प्रसंग येतात, तें त्या जाणत होत्या. हातीं पैसा होता तो थोड्याशा विद्यार्थिनींपुरता. आणि मनांत निश्चय झाला तो ३०० मुली सोडवून आणण्याचा. त्यांनीं आधीं वर्गणी, आधीं इमारत, आधीं मंडळाची संमति, असा क्रम लावला नाहीं. त्या दुष्काळी मुलुखांत गेल्या आणि मुली घेऊन परतल्या. तेवढ्यांत पुण्यांत प्लेग शिरला व नव्या मुलींना तेथें ठेवणें अशक्य झालें. तेव्हां त्यांना केडगांवास नेण्यांत आलें. प्रथम तंबू व गवती झोपड्या, आणि मग हळूहळू घरें, असें तें ‘मुक्ति’ उभें राहिलें. १९०० च्या सुमारास तेथें दीड हजारांच्या आसपास जीव आश्रयास होते.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. केडगांवची जमीन दुष्काळापूर्वींच घेतलेली होती. ती घेतांना हेतु साधा होता: फळझाडें लावावीं व त्यांच्या उत्पन्नावर सदन चालवावें. पुढें तिच्यावर शेंकडों मुलींचा संसार मांडावा लागेल, ही कल्पना तेव्हां कोणाला असणार? लहान कर्तव्य वेळेवर झालें होतें, म्हणून मोठ्या कर्तव्याला उभें राहण्यास भूमि मिळाली. ईश्वर सर्व वाट एकदम दाखवीत नाहीं. एक पाऊल दाखवतो, आणि तें टाकल्यावर पुढचें दिसूं लागतें. जो सगळी वाट उजळण्याची वाट पाहतो, तो उंबरठ्यावरच म्हातारा होतो.

तेव्हां तत्परता व उतावळेपणा यांतील भेद असा सांगतां येईल. पारख करतांना वेळ घेणें हा विवेक. पारख झाल्यावर वेळ घेणें ही टाळाटाळ. बाल शमुवेलाला रात्रीं हांक ऐकूं आली, तेव्हां ती कोणाची हें त्याला कळेना. तो वृद्ध एलीकडे पुनःपुन्हा गेला. त्यांत कांहीं गैर नव्हतें. परंतु हांक कोणाची हें उमगल्यावर त्यानें सकाळची वाट पाहिली नाहीं.

तत्परता म्हणजे क्षणाचा उत्साह, असेंही नव्हे. रमाबाईंनीं बायबलाचें मराठी भाषांतर करण्याचें मनावर घेतलें, त्यासाठीं उतारवयांत हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि १९२२ सालीं मरण येईपर्यंत तें काम सोडलें नाहीं. आदल्याच वर्षीं त्यांची एकुलती कन्या मनोरमा निवर्तली होती. आरंभ तत्काळ, पण चिकाटी आयुष्यभर, हीच खऱ्या आज्ञापालनाची खूण.

आपणां सर्वांना केडगांव वसवावयाचें नाहीं. आपल्यापैकीं कोणाला वर्षानुवर्षें अबोला धरलेल्या भावास पत्र लिहावयाचें असेल. कोणाला दुसऱ्याचें अडकवून ठेवलेलें देणें फेडावयाचें असेल. कोणाला घरीं कामास येणाऱ्या बाईच्या मुलीची शाळा सुरू करून द्यावयाची असेल. यांपैकीं कोणत्या कामाविषयीं आपलें मन प्रार्थनेच्या वेळीं वारंवार टोचतें, तें ज्याचें त्याला ठाऊक आहे. त्यासाठीं नव्या साक्षात्काराची गरज नाहीं. पलीकडे कोणीतरी वाट पाहत आहे, आणि आपली सवड होईपर्यंत त्याला दम निघेलच असें नाहीं. दुष्काळांतल्या त्या मुलींना वर्गणी जमेपर्यंत थांबतां आलें नसतें.

म्हणून, श्रोतेहो, पत्र लिहावयाचें असेल तर तें आज रात्रींच लिहावें. उद्यांचा दिवस ईश्वराच्या हातीं आहे. आपल्या हातीं त्यानें दिला आहे तो आजचा.